वैद्यकाच्या इतिहासाला दान हवे
(फैजपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत वसलेल्या फैजपूरचे नाव देशाच्या इतिहासात १९३६ या वर्षाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते येथे. नंदलाल बोसांसारख्या चित्रकाराने बांबू आणि गवतासारख्या साध्या साहित्यातून टिळकनगराला रूप दिले. साने गुरुजींसारख्यांनी त्यासाठी खानदेशभर पायपीट केली. पंचक्रोशीने आपले श्रम दिले, जागा दिली, धान्य दिले. राजकीय मते कोणाची काहीही असोत. एका खेड्याने मनावर घेतले तर केवढे कार्य पेलता येते, याचा तो वस्तुपाठ होता.

त्याच १९३६ च्या जुलै महिन्यात सहा हजार कोसांच्या पलीकडे नसेल, पण मनाने फार दूर असलेल्या लंडन शहरी हेन्री वेलकम नावाचा एक औषध व्यापारी मरण पावला. आपली सारी संपत्ती त्याने एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि मृत्युपत्रात दोन कामे नेमून दिली. एक, वैद्यकीय संशोधन. दुसरे, वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास. हयात असताना त्याने आपला माणूस हिंदुस्थानात पाठविला होता. पैरा मल्ल नावाच्या त्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तर हिंदुस्थान फिरून जुन्या पोथ्या विकत घेतल्या. आज लंडनच्या त्या संग्रहात सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखिते आहेत. त्यांत वैद्यकाच्या पोथ्या विपुल आहेत.

त्या पोथ्या कोणी चोरून नेल्या नाहीत. ज्यांच्या माजघरात त्या पडून होत्या, त्यांना त्यांची किंमत वाटेनाशी झाली होती. परक्या व्यापाऱ्याला ती वाटली. आजचा विषय या एका वाक्यात सामावलेला आहे.

‘वैद्यकाच्या इतिहासावर पैसा कशाला खर्चावा?’ हा प्रश्न सरळ मनाने विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यात औषधे नसतात, सातपुड्याच्या पाड्यावरची बाळंतीण झोळीतून खाली आणावी लागते, अशा देशात जुन्या पोथ्यांची धूळ झटकण्यासाठी निधी मागणे ही चैन नव्हे काय? या आक्षेपाला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. प्राचीन वैभवाच्या गौरवाची भाषणे पुष्कळ झाली. उत्तर द्यायचे ते घडलेल्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट हळदीची. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर हा त्याचा विषय होता. अर्जदार दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते, हा त्यातला आणखी एक दैवदुर्विलास. खानदेशातल्या कोणत्याही आजीने ही बातमी ऐकली असती तर तिला हसू फुटले असते. विळीने बोट कापले की चिमूटभर हळद दाबायची, हे शिकवायला कोणा विद्यापीठाची गरज तिला कधी भासली नव्हती. पण आजीचे हसू पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. तेथे छापील किंवा लिखित आधार लागतो.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू आणि हिंदी साहित्यातून बत्तीस आधार गोळा केले गेले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंधही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन कार्यालयाने पेटंटाचे दावे फेटाळले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर दिलेले अमेरिकन पेटंट अशा रीतीने रद्द होण्याचा हा पहिला गाजलेला प्रसंग होता.

हा विजय मोर्चांनी मिळाला नाही. कोणीतरी, कधीतरी पोथी जपली होती; कोणी ती संपादून छापली होती; कोणी १९५३ साली एक लहानसा निबंध लिहून ठेवला होता. त्या वेळी त्यांना निरुपयोगी कामाचे छांदिष्ट म्हटले गेले असेल. चार दशकांनी त्यांचा कागद देशाच्या कामी आला. या अनुभवातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभारण्याचे काम सुरू झाले. आज त्यात चार लाखांहून अधिक योगांची नोंद आहे आणि जगातील प्रमुख पेटंट कार्यालये अर्ज तपासताना त्याचा आधार घेतात. ज्या राष्ट्राजवळ आपल्या ज्ञानाची नोंद नसते, त्याला आपल्याच घरातील वस्तू दुसऱ्याकडून विकत घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट शेजारच्या चीनची. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा हिवतापाने अधिक जायबंदी होऊ लागले, तेव्हा १९६७ साली चीन सरकारने एक गुप्त प्रकल्प हाती घेतला. तू योयो या संशोधिकेच्या गटाने दोन हजारांवर पारंपरिक योग जमविले. त्यातील एका वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. कोडे सुटले ते इसवी सनाच्या चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याच्या ग्रंथामुळे. त्याने वनस्पती उकळायला सांगितली नव्हती. मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला होता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे तू योयो यांनी ताडले आणि १९७१ मध्ये कमी तापमानावर अर्क काढला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध जगाला मिळाले आणि असंख्य प्राण वाचले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. त्यांनी जुना ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरविला नाही, की तो जुना म्हणून फेकूनही दिला नाही. तो वाचला, त्यातील वाक्य प्रयोगशाळेत नेले, आणि जे सिद्ध झाले तेवढेच स्वीकारले. ग्रंथ वाचणारा आणि प्रयोग करणारा यांची गाठ घालून द्यायला वर्षानुवर्षे पोसावे लागते. तो खर्च त्या देशाने केला.

केळीच्या या मुलखाला जवळचे वाटेल असेही एक उदाहरण आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘पत्रदान’, म्हणजे जखमेवर पानांचे आच्छादन घालणे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाचे आच्छादन वापरून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ते बदलताना वेदना कमी होतात. शिवाय ते अत्यंत स्वस्त पडते. भाजलेल्या गरीब रुग्णाला या दोन गोष्टींचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. यावल आणि रावेर तालुक्यांत हेच पान बागेत सुकून जाते. कोणती पाने, कोणत्या व्रणाला, किती काळ, असे प्रश्न जुन्या ग्रंथांतून उचलून रुग्णालयापर्यंत नेणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

आता तिसरी गोष्ट, आणि ती महाराष्ट्राच्या जिव्हारी लागावी अशी आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी नाकाच्या जागी मेणाचा साचा करून मापे घेतली, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोडविली, आणि रक्तपुरवठा तुटू नये म्हणून भुवयांच्या मध्ये ती जोडलेली ठेवून खाली वळवून बसविली. टॉमस क्रूसो आणि त्याचा एक सहकारी या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ती चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा हा आरंभ मानला जातो.

कावसजीचे नाव जगाला ठाऊक आहे. क्रूसोचे ठाऊक आहे, कार्प्यूचे ठाऊक आहे. ज्याने नाक बसविले, त्या कारागिराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढीच नोंद त्या इंग्रजी मासिकाने केली. पेशव्यांचे दफ्तर जगातील मोठ्या दफ्तरांत गणले जाते. त्या पुण्यात, आपल्याच माणसाची ही विद्या परक्याने लिहून ठेवावी आणि आपण त्याचे नावही राखू नये!

या प्रसंगावर केवळ अभिमानाने बोलणारे खूप भेटतात. पण खरा अभ्यासक येथे थांबून प्रश्न विचारतो. सुश्रुताने नाकासाठी गालाची त्वचा घ्यायला सांगितली आहे. पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. दोहोंच्या मध्ये हजार वर्षांहून मोठे अंतर आहे. हा बदल कोणी केला? संस्कृत न जाणणाऱ्या घराण्यांत ही विद्या कोणत्या वाटेने पोहोचली आणि किती पिढ्या टिकली? शास्त्र्यांचा ग्रंथ आणि कारागिराचा हात यांची फारकत कधी झाली? हे प्रश्न अवघड आहेत. त्यांत समाजाने आपल्याच कुशल हातांना दिलेल्या उपेक्षेचाही हिशेब निघेल. तो निघू द्यावा. जे संशोधन केवळ सोयीचे तेच सांगते, त्याला संशोधन म्हणत नाहीत. आणि जो समाज गैरसोयीचे ऐकून घेतो, तोच दुरुस्त होतो.

वैद्यकाचा इतिहास म्हणजे केवळ औषधांचा इतिहास नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, देवघरे विटाळली, स्त्रियांची अप्रतिष्ठा केली. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीने झाला. चापेकरांचे स्मरण समाज करतो, ते योग्यच आहे. पण वैद्यकाचा अभ्यासक त्यातून आणखी एक धडा घेतो. रोगाशी लढताना लोकांचा विश्वास गमावला तर चांगली लससुद्धा संशयाच्या दारात अडते. १८९७ चा तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी देशभर पुन्हा वापरावा लागला. सव्वाशे वर्षांपूर्वी काय चुकले, कोणत्या गावाने काय केले, विलगीकरणाला लोक कुठे तयार झाले आणि कुठे पळाले, याचा अभ्यास आधी सिद्ध असता तर त्या कठीण महिन्यांत प्रशासनाला आणि सेवाकार्यात उतरलेल्या शेकडो कार्यकर्त्यांना तो हाताशी आला असता.

मग आज स्थिती काय आहे? सुश्रुतसंहितेची सर्वांत जुनी कालनिर्देश असलेली पोथी, इसवी सन ८७८ ची, काठमांडूत आहे. १८९० साली मध्य आशियात सापडलेले, लसणाच्या गुणवर्णनाने आरंभ होणारे बॉवर हस्तलिखित ऑक्सफर्डला आहे. भारतीय वैद्यक वाङ्मयाचा सर्वांत विस्तृत इतिहास १९९९ ते २००२ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता मेउलेनबेल्ड हा हॉलंडमधील मानसरोगतज्ज्ञ. या परदेशी विद्वानांच्या परिश्रमांपुढे नम्रच झाले पाहिजे. पण हे काम भारतात का झाले नाही, हा प्रश्न नम्रतेने मिटत नाही.

भारतात कार्य झालेच नाही, असेही नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांकडून चरक आणि सुश्रुत संपादून घेतले. त्या आवृत्त्या आजही प्रमाण मानल्या जातात. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ मराठी घराघरांत पोहोचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे यांनी आयुष्य वेचून ग्रंथांचे आणि वनस्पतींचे काळ निश्चित केले. हैदराबादेत वैद्यकीय वारशाची राष्ट्रीय संस्था आहे. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठीची तरतूद ३.५ कोटींवरून ६० कोटी रुपयांवर नेण्यात आली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचा संकल्प ‘ज्ञान भारतम्’ या नावाने सोडण्यात आला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पोथीचे छायाचित्र घेणे ही पहिली पायरी झाली. ती वाचणारा, पाठभेद लावणारा, वनस्पती ओळखणारा माणूस घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या माणसाच्या चरितार्थाची सोय कोण करणार?

येथे खानदेशचाच एक दगड उत्तर देतो. चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. विषय ज्योतिष आणि गणित होता, वैद्यक नव्हे. पण निधीची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. निकुंभवंशीय सोइदेवाने मठाला दान दिले आणि लेखाच्या मराठी भागात गावाच्या बाजारपेठेने द्यायचे हिस्से नोंदविले गेले. गिऱ्हाइकाकडून पोफळी, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. म्हणजे ग्रहगणिताचा श्लोकही वाचता न येणाऱ्या तेल्याच्या घाण्यातून त्या विद्येची समई तेवत होती. त्याच यादवांच्या राज्यात पुढे हेमाद्रीने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. विद्येला आश्रय मिळतो, तेथे एक शास्त्र दुसऱ्याला हात देते.

हा शिलालेख विद्वानांच्या जगापुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे हे डॉक्टर. रुग्ण तपासावेत, जुनी नाणी व लेख वाचावेत, आणि कुष्ठरोगावर इलाज शोधण्यासाठी प्राचीन वैद्यकग्रंथ धुंडाळावेत, असा त्यांचा त्रिविध व्यासंग होता. १८७४ मध्ये ते गेले आणि कुष्ठावरील त्यांचे कार्य अपुरे राहिले. एका व्यक्तीच्या ध्यासावर चाललेले काम त्या व्यक्तीबरोबर थांबते. संस्थेच्या आणि निधीच्या आधारावर चाललेले काम पुढच्या पिढीच्या हाती जाते. धुळ्यात हे घडलेही आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे कागदांचे गठ्ठे उरले होते. धुळेकरांनी १९२७ साली संशोधन मंडळ स्थापिले आणि ते गठ्ठे राखले.

तेव्हा फैजपूरसारख्या गावाने काय करावे? फार मोठे काही नको. घराघरांतल्या जुन्या वह्या, बाडे, मोडीतील औषधांच्या याद्या रद्दीत जाण्याआधी एकत्र आणून त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल बांधवांच्या वनौषधींच्या ज्ञानाची नोंद त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावाने व्हावी. पुण्याच्या त्या कारागिराप्रमाणे ते निनावी राहू नयेत. मोडी आणि संस्कृत वाचणारा एक तरुण व वैद्यकाचा एक पदवीधर यांना जोडीने दोन-तीन वर्षे पोसेल एवढी शिष्यवृत्ती गावाने उभारावी. आणि त्यांच्याकडून एकच वचन घ्यावे : जे आढळेल ते लिहायचे, जसे आढळेल तसे लिहायचे. एखादा जुना योग घातक ठरला, तर तेही लिहायचे.

आयुष्यभर दवाखान्यात राबलेल्या वैद्याच्या मुलाने वडिलांच्या वह्या माळ्यावरून काढाव्यात, केळीच्या एका गाडीमागे चार आणे या कामासाठी बाजूला पडावेत, लग्नमुंजीच्या अहेरातील एक पाकीट या निधीला जावे. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या तेल्याने एक पळी तेल दिले होते. त्याचे नाव शिलालेखावर नाही; पण त्याच्या तेलावर पेटलेल्या दिव्याखाली कोणीतरी वाचत बसले होते. फैजपूरने, खानदेशाने, आज तेवढी एक पळी द्यावी.